मोरीचं पाणी आणि पहिली जुडी

आज मला परसबागेवर बोलायला सांगितलंय. मृग पंधरा दिवसांवर आलाय, म्हणजे वेळ बरोबर साधली. पण वाफे कसे करायचे, बी कोणतं टाकायचं, हे सांगण्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. सांगायला थोडी लाज वाटते. पण आमच्या गटातल्या सगळ्यांना ती माहीत आहे, मग तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाने गावात रक्ततपासणी ठेवली होती. मी गटांची समन्वयक, त्यामुळे घराघरातून बायांना बोलावून आणायचं काम माझं. कुणी म्हणे सुई दुखते, कुणी म्हणे शेतात खुरपण आहे. सगळ्यांना समजावलं, रांगेत बसवलं. शेवटी नर्सताई म्हणाल्या, "आता तुम्ही पण बसा की." बसले. माझं हिमोग्लोबिन निघालं 8.6. बाईचं निदान 12 तरी असावं लागतं. आणि त्याच महिन्यात माझ्या परसबागेचे फोटो तालुक्याला गेले होते, चांगली बाग म्हणून! रांगेतल्या एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, पालक तुझ्या दारात, मग रक्त कुठं गेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री भांडी घासताना आठवून बघितलं. मेथी निघाली की चांगल्या चांगल्या जुड्या बांधून मंगळवारच्या बाजारात. त्याचे पैसे पोरांच्या वह्यांना, तेलाला, मिठाला. उरलेली मेथी घरात. त्यातली भाजी मालकांच्या डब्यात, मग पोरांच्या ताटात, मग सासऱ्यांना. आलागेला असेल तर त्याला. मी सगळ्यांच्या मागून बसणार, तोवर कढईला लागलेलं तेवढं उरायचं. भाकरी, ठेचा आणि वर चहा. बाग लावली मी, पाणी घातलं मी, आणि खाल्लं सगळ्यांनी, मला सोडून. यात कुणी माझ्या ताटातलं ओढून घेतलं नव्हतं. मीच वाढलं नव्हतं.

हे माझ्या एकटीचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 सालच्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी शंभरात 54 जणींना रक्त कमी आढळलं. म्हणजे आत्ता रेडिओजवळ दोघीजणी बसला असाल, तर त्यातल्या एकीचं कमी असणार असं धरून चाला.

आता बागेकडे येऊ. आमचं गाव औसा तालुक्यातलं, 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. जुन्या गावात घराला घर लागून होतं, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. सासूबाई सांगतात की तेव्हा परस असा नव्हताच, पण भाजीला कधी पैसे मोजावे लागले नाहीत. ज्वारीच्या रानात कडेने भेंडी, अंबाडी, वाळकं, गवार लावलेली असायची. खुरपायला गेलं की येताना ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन यायचं. पुढे ज्वारी कमी झाली, सगळीकडे सोयाबीन आलं. सोयाबीनला तणनाशक आलं. तणाबरोबर आपला तांदुळजाही गेला, आणि कडेची भेंडी लावायला कडच उरली नाही. रानातली भाजी बाजारातून आणायची वेळ आली, हे आपल्या डोळ्यांदेखत झालंय. नव्या गावात मात्र घराभोवती जागा मिळाली. बरीच वर्षं त्या जागेत आम्ही काय केलं? सरपण रचलं, मोटारसायकल लावली आणि मोरीचं पाणी सोडून चिखल केला.

परसबागेचा आमचा पहिला प्रयत्न फसला होता, तेही सांगते. एका कार्यालयाकडून बियाण्यांची पाकिटं आली, ती फेब्रुवारीत. आम्ही उत्साहाने वाफे केले, टाकलं बी, उगवलं, फोटो झाले. मार्चमध्ये नळाला आठ दिवसांनी पाणी यायला लागलं. आपला लातूर जिल्हा म्हणजे 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला जिल्हा. तिथे प्यायच्या घागरीतलं पाणी पालकाला घालते म्हटलं तर घरातले काय म्हणतील? एप्रिलमध्ये सगळं वाळून गेलं. त्यानंतर कुणी परसबागेचं नाव काढलं की बाया हसायच्या.

तेव्हापासून मी बी शेवटी सांगते. आधी विचारते, तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं? अंघोळ, भांडी, धुणं, सगळं मिळून पाच माणसांच्या घरातून रोज कितीतरी बादल्या पाणी बाहेर पडतं. ते दुष्काळातही पडतं, कमी पडतं पण पडतं. बागेचं पाणी तेच. फक्त त्याला थोडी शिस्त लावायची. मोरीच्या तोंडाशी हातभर लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यायचा. तळाशी दगडगोटे, वर विटांचे तुकडे, त्यावर चुलीतला विझलेला कोळसा, वर वाळू. साबणाचा फेस, खरकटं तिथे अडतं. वरची वाळू दोन-तीन महिन्यांनी काढून बदलायची, नाहीतर वास मारतो आणि डास होतात. तिथून पुढे छोटा पाट काढायचा.

आता त्या पाटावर कोण कुठे बसणार ते ठरवायचं. अगदी तोंडाशी केळ, अळू, कर्दळ. यांना कितीही पाणी द्या, कुरकुर करत नाहीत. केळीचं पिलू घेताना रुंद पानाचं घेऊ नका. निमुळत्या, तलवारीसारख्या पानाचं घ्या, ते जोमाने वाढतं. आणि एका केळीजवळ एकच पिलू राखा, बाकीची काढून मैत्रिणीला द्या. पपई मात्र तोंडाशी लावायची नाही. पाणी बुंध्याशी साचलं की पपई बुंध्यातून कुजते आणि एका वाऱ्यात आडवी होते. माझी झाली आहे, फळांसकट. तिला चार पावलं लांब, उंचवट्यावर जागा द्या. शेवग्यालाही साचलेलं पाणी चालत नाही. पालेभाजीला मात्र साबणाचं पाणी नको, ती आपण पानासकट खातो. तिच्यासाठी तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत वेगळं साठवा. पालेभाजीचा वाफा लहान असतो, तेवढ्यावर भागतं.

नव्या वस्तीतली जमीन मुरमाड आहे हे मला माहीत आहे. कुदळ मारली की ठिणगी पडते. म्हणून खड्डे आत्ताच घ्या. फळझाडाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. खणलेला मुरूम बाजूला टाका. खड्डा उन्हात तापू द्या. मग तळाशी पालापाचोळा, त्यावर दोन पाट्या कुजलेलं शेणखत, मिळाली तर किलोभर निंबोळी पेंड आणि तलावातला गाळ. आमच्या गटाने मागच्या उन्हाळ्यात मिळून गाळाचा एक ट्रॅक्टर आणला आणि पाट्यांनी वाटून घेतला. एकटीला ते परवडलं नसतं.

फळझाडं किती? जागा दोन खोल्यांएवढी असेल तर एक पपई, एक पेरू, एक लिंबू, एक शेवगा, कोपऱ्यात कढीपत्ता. त्याहून जास्त लावली तर सावलीने भाजी येत नाही. पपईचं बी घरच्याच गोड फळाचं घेतलं तरी चालतं, पण एका खड्ड्यात तीन रोपं लावा. फूल येईपर्यंत पपई नर की मादी कळत नाही. लांब लोंबणाऱ्या देठांना झुपक्याने बारीक फुलं आली तर तो नर. बुंध्यालगत एकेकटं टपोरं फूल आलं तर ती मादी. मादी ठेवायची, बाकीची काढायची. आसपासच्या चार-पाच घरांत मिळून एखादा नर असला की पुरे. नऊ-दहा महिन्यांत फळ हातात. पेरूचं कलम लावताना जोड मातीच्या वर राहू द्या, आणि जोडाच्या खालून फुटवा आला तर तो लगेच खुडा. तो जंगली खुंटाचा फुटवा असतो, सगळं पाणी तोच पिऊन टाकतो.

शेवग्यावरून आमच्या घरी वाद झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "दारात शेवगा लावू नये." का, ते त्यांना सांगता येईना. मी विचार केला, जुन्या माणसांनी काहीतरी बघूनच म्हटलं असेल. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते आणि खाली पोरं खेळत असतात. म्हणून मी तो दारात न लावता मागच्या कुंपणाला लावला आणि तीन फुटांवर शेंडा छाटला. छाटला की फांद्या फुटतात, झाड बुटकं राहतं, शेंगा हाताशी येतात. दोघींचंही राहिलं! आपल्याकडे शेंगा खातात आणि पाला शेळीला टाकतात. पाला खा बायांनो. कोवळा पाला मुगाच्या डाळीत शिजवा, किंवा सावलीत वाळवून पूड करा आणि भाकरीच्या पिठात चमचाभर घाला.

आता पालेभाजीकडे. इथे आमची दुसरी चूक झाली होती. बी हातात आलं की एकाच दिवशी सगळं टाकायचं. मग पंचवीस-तीस दिवसांनी मेथी एकदम तयार. एवढी मेथी घरात खपणार कशी? मग बाजार. पंधरा दिवसांनी वाफे रिकामे, आणि परत आपण दुसऱ्याची मेथी विकत घेणार. यावर उपाय एकच, थोडं थोडं पेरा. आमच्या प्रशिक्षणात गोल बाग शिकवतात, सात दिवसांचे सात वाफे आणि मधे खताचा खड्डा. छान दिसते. पण माझी जागा लांबट बोळासारखी आहे, तिथे गोल कुठून काढू? मी एका ओळीत सहा लहान वाफे केले आणि दर आठ दिवसांनी एकच पेरते. एकदा मेथी, मग पालक, मग शेपू, मग चुका, मग राजगिरा, मग परत मेथी. अंबाडी कुंपणाच्या कडेने. धने पेरताना चपलेखाली हलके रगडून दोन फाकी वेगळ्या करा, म्हणजे कोथिंबीर दाट येते. तांदुळजा कुठे चुकून उगवला तर उपटू नका. त्याला बी धरू द्या, पुढच्या वर्षी तो आपोआप येतो.

वेलांना जागा लागत नाही, आधार लागतो. दोडका, कारलं, दुधी, वाल कुंपणावर चढवा. पत्र्यावर चढवणार असाल तर आधी पत्र्यावर तुराट्या अंथरा, नाहीतर उन्हात पत्रा तापतो आणि वेलाचे शेंडे भाजतात. शेळ्या-कोंबड्यांसाठी खाली बाभळीच्या काट्या आणि वर जुन्या साड्या बांधा.

"दुधीला कळी येते, पिवळी पडते आणि गळते," ही तक्रार तर दर बैठकीत असते. दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या वेळी किडेमुंग्या फिरकल्या नाहीत तर फळ धरत नाही. मग आपण करायचं. ज्या फुलामागे छोटा दुधी नाही ते नराचं फूल. ते तोडून, पाकळ्या मागे करून, त्याचा मधला भाग मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. पोरींना दाखवा. माझी सहावीतली मुलगी हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते आणि कुठला दुधी तिने "धरवला" ते लक्षात ठेवते. लाल भोपळ्याचं फूल मात्र पहाटे उमलतं, त्याला सकाळीच उठावं लागतं.

दुधीबद्दल एक गोष्ट विसरू नका. चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्या. शिजवून, गूळ घालून खपवू नका, आणि रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधी विषारी असतो, माणसं दवाखान्यात गेली आहेत, दगावलीही आहेत.

किडीचं थोडक्यात सांगते. वालावर मावा पडला की सकाळी दव असताना चाळलेली राख भुरभुरा. जास्त असेल तर निंबोळ्या वाटून, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम, रात्रभर भिजत ठेवा, गाळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट पडलेल्या असतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवा. भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी झाली तर तो केवडा. त्याला औषध नाही, झाड उपटून लांब टाका. पुढच्या वेळी परभणी क्रांती लावा, ती केवड्याला दाद देत नाही. आणि हात जोडून एक विनंती. सोयाबीनवर मारून पंपात उरलेलं औषध घरधनी परसातल्या वांग्यावर मारतात, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. आमच्या गटातल्या एका ताईंकडे असंच झालं. त्यांना वास आला म्हणून कळलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच वांगी भरून चुलीवर ठेवणार होत्या. शेताचं औषध परसात येऊ देऊ नका, भांडण झालं तरी चालेल.

आता माझ्या रक्ताकडे परत येते, कारण त्या मावशींचा प्रश्न अजून राहिलाय. नर्सताईंनी गोळ्या दिल्या. त्या रोज घेतल्या. नुसत्या पालकाने रक्त वाढतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पाल्यातलं लोह अंगी कमीच लागतं. त्यावर लिंबू पिळलं, सोबत पेरूची फोड खाल्ली तर जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी लागतं. म्हणून लिंबाचं आणि पेरूचं झाड लावा म्हणते, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2011 साली सांगितलं होतं की माणसाला रोज 300 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. पाच माणसांना दिवसाला दीड किलो भाजी झाली. बाजारातून एवढी कोण आणतं?

बागेपेक्षा अवघड काम घरात होतं. मी ठरवलं की भाजी झाली की वाढायला घेण्याआधी माझी एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवायची. ऐकायला एवढंसं वाटतं ना? पहिल्या दिवशी माझा हात थरथरला. चोरी करतेय असं वाटलं. सासूबाईंनी बघितलं. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करून बसले होते, रक्ताचा कागदही फडताळात वरच ठेवला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग माझी पण काढ की. मी काय पाप केलंय?" त्या पासष्टीच्या. चाळीस वर्षं त्याही सगळ्यांच्या मागूनच जेवत आल्या होत्या. आता रोज दोन वाट्या झाकलेल्या असतात. मालकांनी एकदा विचारलं, "हे काय?" सासूबाईच म्हणाल्या, "आमचं आहे." पाच महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन 11 ला टेकलं, गोळ्यांमुळे आणि वाटीमुळे. कशामुळे किती, ते डॉक्टरांना विचारा.

गटात आम्ही एक नियम केला. पहिली जुडी घरात. दोन दिवसांची भाजी घरात राहिल्याशिवाय बाजारात काही जायचं नाही. विकू नका असं मी म्हणत नाही, पैसा लागतोच, आणि त्या पैशाला आपला हात लागतो हेही खरं. पण एक बाई पंधरा जुड्या विकून पोराला कुरकुऱ्याचं पाकीट घेऊन घरी येते, तो हिशेब मला बसत नाही. बैठकीत आधी आम्ही विचारायचो, किती वाफे झाले? आता विचारतो, काल तू स्वतः काय खाल्लंस? सुरुवातीला बाया लाजायच्या, खोटंही सांगायच्या. आता खरं सांगतात. एक जण परवा म्हणाली, "काल काही नाही, ठेचा." मग शेजारणीने तिच्या ओट्यात दोन दोडके टाकले.

बियाण्याचं सांगून थांबते. संकरित बियाण्याचं पाकीट आणलं तर त्याच्या फळाचं बी पुन्हा तसं येत नाही. माझा दोडका दुसऱ्या वर्षी कुठे आखूड, कुठे वाकडा आला. गावठी बी असेल तर ते जपा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बी जपून त्यांनी बियाण्याची बँक केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला बँक नको, एक मडकं पुरे. बी धरताना हंगामाच्या शेवटी उरलेलं खुरटं फळ घेऊ नका. मधल्या बहरातलं सगळ्यात देखणं फळ निवडा आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. वेलावरच वाळू द्या. मग बी काढून, सावलीत वाळवून, राखेत मिसळून मडक्यात.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता ग्रामसंघाच्या खोलीत आम्ही बी वाटून घेणार आहोत. माझ्याकडे अंबाडी, चुका आणि गावठी भेंडी आहे. येळवसेच्या भज्जीत जुन्या बाया जो पांढरा, रुंद शेंगेचा वाल घालायच्या, तो आमच्याकडे कुणाकडेच राहिलेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या आईकडे, आजीकडे, माळ्यावरच्या गाडग्यात पाच-सहा बिया जरी असतील, तर कागदात बांधून घेऊन या. बदल्यात केळीचं पिलू देईन.